दुसऱ्या खुर्चीचं माप

१

आनंदा पाटोळेच्या अँप्लिफायरवर एक टिकली होती. गोल, मरून रंगाची. आवाज कमीजास्त करायच्या नॉबच्या कडेला ती नर्मदानं चिकटवली होती, मुलगा भाग्येश पाळण्यात असताना. नॉबवरची पांढरी रेघ या टिकलीच्या पुढे गेली तर मी विट्याला माहेरी निघून जाईन, अशी तिनं धमकी दिली होती. टिकलीचा चिकटपणा गेला की ती नवी लावायची. तीच जागा, तोच रंग. बाकी संसारात पुष्कळ ठरलं आणि पुष्कळ मोडलं, पण हा करार आनंदानं कधी मोडला नाही.

तारापूर एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात तो इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होता. माणसांपेक्षा मीटर त्याला लवकर कळायचे. मीटर चुकला तर दुरुस्त करता येतो, माणसाचं काय करायचं, असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. त्याची एकच चैन होती, स्टिरिओ. स्पीकरच्या पेट्या त्यानं वाणगावच्या सुताराकडून, त्याच्यासमोर उभं राहून करून घेतल्या होत्या. स्टिरिओचं असं असतं की दोन स्पीकर आणि ऐकणारा असा त्रिकोण जमावा लागतो, आणि त्रिकोणाच्या टोकाला एकच खुर्ची मावते. ती आनंदाची. नर्मदा स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मेथी निवडत ऐकायची. तिच्यापर्यंत डावा स्पीकर तेवढा पोचायचा, उजवा जवळजवळ नाहीच. तिनं कधी तक्रार केली नाही आणि यानं कधी विचारलं नाही.

पावसाळ्यात नर्मदा गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "भाग्येशकडं जा. तुम्हाला एकट्याला राहता येत नाही. येतं असं तुम्हाला नुसतं वाटतं."

भाग्येश पुण्याला, बायको चारुतासोबत. त्यानं खोली तयार ठेवली होती. आनंदा म्हणाला, गणपती होऊ दे. मग म्हणाला, दसरा होऊ दे. शेवटी भाग्येशनं एक भलंमोठं खोकं पाठवून दिलं. होम थिएटर.

"तोपर्यंत टीव्हीवर काहीतरी बघत जा आबा. घरात जरा आवाज राहील. इकडं येताना तेही घेऊन येऊ."

घर तारापूर रस्त्याच्या आत, चिकूच्या वाडीमागच्या रो-हाउसांत होतं. बरीचशी घरं मुंबईच्या लोकांनी घेऊन कुलूप लावून ठेवलेली. वारा फिरला की कारखान्यांचा वास यायचा. एरवी तिथं काही यायचं नाही.

२

होम थिएटर जोडायला हितेश आला. बाजारात चित्रालयजवळ त्याचं दुकान होतं. नव्या संचातले पुढचे स्पीकर बघून आनंदानं नाक मुरडलं. "हे डबे नकोत. पुढं माझेच राहू देत. मागचे आणि मधला नवा लाव."

"होतंय काका, टेन्शन नाय. नव्या रिसीव्हरमधून, ह्या मेन बॉक्समधून, वायर काढून तुमच्या अँप्लिफायरला देतो. गाणी ऐकायची तर जुना एकटा चालेल, पिक्चर बघायचा तर नवा सगळ्यांना घेऊन चालेल. एकच हाय. जुन्याचा हा नॉब एका जागी फिक्स ठेवायचा. हलला की पुढचं-मागचं बॅलन्स गेलं समजा. कुठं ठेवू?"

"टिकलीवर," आनंदा म्हणाला. दुसरी जागा त्याला सुचलीच नसती.

मग माप घ्यायचं राहिलं. रिसीव्हरसोबत एक छोटा माइक आला होता. माणूस बसतो तिथं, त्याच्या कानाच्या उंचीवर तो ठेवायचा. एकेक स्पीकर आळीपाळीनं आवाज काढतो, माइक ऐकतो आणि यंत्र आपलं आपण जुळवून घेतं. आनंदा खूश झाला. हे म्हणजे घरात कॅलिब्रेशन. त्याच्या खुर्चीचं माप एका दमात झालं. पडद्यावर प्रश्न आला, आणखी कोणी बसणार आहे का?

भाग्येशनं फोनवर बजावून ठेवलं होतं. "एकाच खुर्चीचं माप घेऊ नका. आम्ही आलो की बसायचं कुठं?" म्हणून हितेशनं माइक स्वयंपाकघराच्या दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला, खाली चार पुस्तकं रचून. बटण दाबलं.

पडद्यावर आलं, इथं आवाज जास्त आहे. शांतता करून पुन्हा माप घ्या.

पंखा बंद केला. फ्रीज बंद केला. मंगळी मागच्या मोरीवर भांडी घासत होती, तिला नळ बंद करून गप्प बसायला सांगितलं. पुन्हा तेच, आवाज जास्त आहे. माइक आनंदाच्या खुर्चीवर नेला, माप झालं. परत दारात आणला, आवाज जास्त. कंटाळून हितेश पुस्तकं उचलून स्वतःच त्या खुर्चीवर बसला, माइक कानाशी धरला, आणि माप लगेच झालं.

"माणूस बसला की चालतंय," तो हसत म्हणाला. मग उठला, आणि त्यानं बसायच्या जागेवर तळहात टेकवला. हसू गेलं. "काका, माझ्याआधी इथं कोण बसलेलं?"

"कोण बसणार? तूच पुस्तकं ठेवली होतीस ना."

"नाय, मी बसलो तेव्हाच गरम लागली."

चहा तयार होता. तो न घेताच हितेश गेला. त्यानंतर त्यानं आनंदाचा फोन कधी उचलला नाही.

३

जेवण झाल्यावर दुपारी आनंदा बातम्या लावून बसायचा. एका दुपारी बातम्या सांगणारी बाई पाठीमागून बोलतेय असं त्याला वाटलं. पुढचे स्पीकर दबले होते. त्यानं उठून बघितलं. नॉबवरची रेघ टिकलीच्या अलीकडे आली होती.

त्यानं ती परत टिकलीवर आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अलीकडे.

आता हे समजून घ्यायला हवं की त्या जुन्या अँप्लिफायरला रिमोट नव्हता. नव्या रिसीव्हरचा रिमोट नुसता नव्यापुरता. जुना नॉब फिरवायचा तर हात लागतो, तोही जरा जोर लावून, कारण तो घट्ट झाला होता. घरात दोनच माणसांचे हात येत-जात होते, आनंदाचे आणि मंगळीचे. मंगळी पाड्यावरून कामाला यायची, नर्मदा असल्यापासून.

"मंगळी, पुसताना तिथं हात लावू नकोस."

"मी नाय लावत काका. बायनी पयलंच सांगितलेला, तिकडं जाऊ नको, काका वरडतील."

"मग नॉब काय आपोआप फिरतो?"

"मला काय म्हाईत?" तिनं झाडू भिंतीला लावला. "मी तं ती खुर्चीपन उचलत नाय झाडताना. तिच्याखालचं तसंच ऱ्हातं."

"का?"

"जड लागते."

प्लास्टिकची खुर्ची, आणि म्हणे जड लागते! आनंदानं तिच्यादेखत ती दोन बोटांनी उचलून दाखवली. मंगळीनं झाडू पुन्हा उचलला. पण पुढच्या दुपारी रेघ पुन्हा अलीकडे दिसली तेव्हा आनंदाचा तोल गेला. खोटं बोलायचं असेल तर येऊ नकोस, असं तो बोलून बसला. मंगळीनं पदराला हात पुसले, किल्ली ओट्यावर ठेवली.

"बाय होती तवा आमाला कोनी खोटारडी नाय म्हनली," एवढं म्हणून ती गेली. आनंदाला लगेच वाईट वाटलं. पण हाक मारायची त्याला सवय नव्हती. त्या घरात हाका मारायचं काम नर्मदाचं होतं.

४

कारखान्यात एक पद्धत होती. टाकीत किंवा पाइपलाइनवर कोणी कामाला गेला की बाहेरच्या व्हॉल्व्हला आणि स्विचला तो आपल्या हातानं लाल टॅग बांधायचा. 'आत माणूस काम करत आहे. हात लावू नये.' ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा. साहेब आला, मालक आला तरी दुसऱ्यानं काढायचा नाही. शांताराम नावाच्या एका फिटरनं एकदा घाईत दुसऱ्याचा टॅग काढला, आता कोण असणार आत, असं म्हणून. आतला माणूस पुन्हा आपल्या पायांनी बाहेर आला नाही. आनंदानं ते डोळ्यांनी बघितलं होतं. निवृत्त होताना त्यानं एक कोरा टॅग आठवण म्हणून घरी आणला होता.

तो टॅग त्यानं नॉबला बांधला. स्वतःचंच हसू आलं त्याला. पण मंगळी गेल्यावरही रेघ टिकलीच्या अलीकडे येत होती, आणि मनाला काहीतरी आधार लागतो.

शुक्रवार होता. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट नव्हती. आनंदा कुलूप लावून भाजी आणायला गेला. दोन्ही किल्ल्या त्याच्याच खिशात होत्या. परत आला तेव्हा घर अगदी गप्प होतं. फ्रीजची घरघर नाही, पंखा नाही. त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली आणि वळला.

टॅग प्लास्टिकच्या खुर्चीला बांधलेला होता. हाताच्या दांडीला, नीट गाठ मारून.

आनंदानं खिशातल्या दोन्ही किल्ल्या चाचपल्या. मग त्याच्या डोक्यानं आपलं काम सुरू केलं. मीच बांधला असेन. वय झालं. माणूस एकटा पडला की असं होतं, एक हात काय करतो ते दुसऱ्याला कळत नाही. सकाळी बांधला, विसरलो. एवढं पक्कं करून तो टॅग काढायला वाकला, आणि त्याची बोटं थांबली. नॉबला त्यानं बांधला होता. इथं त्यानं बांधला नव्हता. दुसऱ्याचा टॅग त्यानं आयुष्यात काढला नव्हता.

टॅगचा अर्थ एकच असतो. आत माणूस आहे.

त्याच्या अंगावर काटा आला आणि लगेच डोळे भरून आले. या घरात टॅगची गोष्ट दुसऱ्या कोणाला माहीत होती? रोज रात्री जेवताना तो कारखाना सांगायचा आणि एकच बाई ऐकायची. आवाज टिकलीच्या अलीकडे कोणाला लागायचा?

"आलीस होय," आनंदा म्हणाला आणि तिथंच जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला.

५

त्यानंतरचे दिवस बरे गेले. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आनंदा त्या दिवसांत सुखी होता.

त्यानं स्पीकरच्या जड पेट्या एकट्यानं सरकवल्या. त्रिकोण वळवून त्याचं टोक स्वयंपाकघराच्या दारात आणलं. इतक्या वर्षांनी त्या प्लास्टिकच्या खुर्चीला उजवा स्पीकरही ऐकू यायला लागला. त्याची स्वतःची खुर्ची आता बाजूला पडली होती, नर्मदा बसायची तशी. बाजूला बसून निम्मंच ऐकू येतं, हे त्याला तेव्हा कळलं. "कशी बसलीस गं एवढी वर्षं," तो म्हणाला.

दुसऱ्या खुर्चीचं माप त्यानं पुन्हा घेतलं. या वेळी यंत्रानं कुरकुर केली नाही. पडद्यावर दोन खुर्च्या उमटल्या.

मग दुपारी चहा दोन कप व्हायला लागला. सनईची कॅसेट लागायची. आनंदा कारखान्यातले जुने किस्से सांगायचा, आणि मागच्या स्पीकरांतून, वास्तविक ते बंद असताना, कोणीतरी श्वास घेतल्यासारखं अगदी बारीक काहीतरी यायचं. त्यानं त्या स्पीकरांच्या वायरी काढून ठेवल्या. तरी यायचं. त्याला त्याची सोबत वाटायची. दांडी गावची कोळीण कमळी म्हावरं घेऊन फाटकाशी येऊन हाका मारायची, "काका, बोंबील घे रं, ताजं हायत!" तो बाहेर जायचा नाही. दोन-तीनदा हाका मारून तिनं ती गल्ली सोडली. मंगळीला बोलवायचं त्याच्या मनात होतं, तेही राहून गेलं. कोणी आलं असतं तर बसवायचं कुठं?

६

भाग्येशचा फोन दुपारी आला. सनई चालू होती.

"आबा, आता मी तुमचं काही ऐकणार नाही. रविवारी गाडी घेऊन येतोय. चारुतानं तुमची खोली लावून ठेवलीय. दोन कपडे घ्या, बाकी मागाहून..."

पुढचं आनंदाला ऐकू आलं नाही. सनई मोठी झाली होती. "काय? मोठ्यानं बोल!" तो ओरडला. सनई आणखी मोठी झाली, काचा थरथरायला लागल्या. भाग्येश लांबून हॅलो हॅलो करत होता. आनंदानं अँप्लिफायरकडं बघितलं. नॉबवरची रेघ टिकली ओलांडून पुढे गेली होती.

नर्मदाचं एक होतं. फोन वाजला की ती असेल तिथून, ओल्या हातानं, यायची आणि आधी आवाज कमी करायची. भाग्येशचा असला तर बंदच करायची. आणि दवाखान्यात तिनं काय सांगितलं होतं? भाग्येशकडं जा.

टीव्ही बंद होता. त्याच्या काळ्या काचेत सगळी खोली दिसत होती. दार, ओटा, आनंदा, हातात फोन. दारातली प्लास्टिकची खुर्ची काचेत रिकामी होती. अँप्लिफायरपाशी कोणीतरी वाकलं होतं. खूप वाकलं होतं, कारण ते नर्मदापेक्षा पुष्कळ उंच होतं.

आनंदानं मान वळवली. तिथं कोणी नव्हतं. त्यानं भिंतीतला प्लग ओढून काढला, सनई तुटली, आणि तो चपला न घालता पायरीवर येऊन बसला. ऊन अजून होतं. चिकूच्या वाडीत कोणीतरी पाइप ओढत होतं. तो मनाला समजावत होता, आणि या वेळी मन ऐकत नव्हतं. इतके दिवस मी कोणाशी बोललो? मंगळीला घालवलं, तेव्हा घरात कोण होतं? त्याला नर्मदाची इतकी आठवण आली की छाती दुखायला लागली. ती आली नव्हतीच. ती गेली होती.

त्यानं पायरीवरूनच भाग्येशला उलट फोन केला. "ये. मी येतो तुझ्याबरोबर. लवकर ये."

७

रविवारपर्यंत तो शेजारच्या बंद घराच्या ओट्यावर निजला. रविवारी सकाळी अंघोळीला आणि कपडे घ्यायला तेवढा आत आला. हॉलकडं न बघता अंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, पिशवी भरली. नर्मदाचा फोटो सगळ्यात वर ठेवला. दार त्यानं उघडंच ठेवलं होतं, मुद्दाम, विटेचा तुकडा लावून.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. किती दिवसांनी त्या गल्लीत हॉर्न वाजला. आनंदा पिशवी उचलून बाहेर आला, म्हणजे हॉलमधून दारापर्यंत आला.

दार लावलेलं होतं. आतून कडी घातलेली होती, आणि कडीला लाल टॅग बांधला होता. नीट गाठ मारून. आत माणूस काम करत आहे. हात लावू नये.

"आबा!" भाग्येशनं दार वाजवलं. "आलो बघा. उघडा."

"उघडतो," आनंदा म्हणाला. त्यानं हात पुढे केला. कडी वीतभर लांब होती. गाठ सैल होती, एका बोटानं सुटली असती. हे कागदाचं चिटोरं आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. हा कारखाना नाही. आत कोणी काम करत नाही. आता कोण असणार आत, असं तो मनात म्हणाला, आणि हे शब्द आधी कोणी म्हटले होते ते त्याला आठवलं. टाकीतून उचलून बाहेर आणलेला तो माणूस आठवला. त्याचा हात कडीच्या अलीकडेच राहिला.

मागं सनई सुरू झाली. प्लग भिंतीत नव्हता. आवाज टिकलीच्या खूप पुढचा होता.

भाग्येश दार सोडून खिडकीशी आला. खिडकीला दुधी काच होती. त्यानं दोन्ही तळहात डोळ्यांच्या बाजूला धरून काचेला कपाळ टेकलं.

"आबा, ऐकू येतंय का? आवाज कमी करा! आणि ते कोण आलंय तुमच्याकडं? त्यांना तरी सांगा ना उघडायला!"

मागं प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फरशीवर घासले. कोणीतरी जड माणूस उठल्यावर घासतात तसे.

टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. आनंदानं हात मागं घेतला, पिशवी पोटाशी धरली आणि येणाऱ्याला वाट द्यायला भिंतीकडं सरकून उभा राहिला.